मोटारीचे रूप कसे घडवावे: पहिल्या रेखाटनापासून पत्र्याच्या साच्यापर्यंत

मोटारींची चित्रे काढण्याची आवड असलेली मुले-मुली, विशेषतः बारावीनंतर किंवा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असताना, दोन प्रश्न हमखास विचारतात. मोटारीचे डिझाइन नेमके करतात कसे, आणि वाहन प्रदर्शनात पाहिलेली देखणी कॉन्सेप्ट गाडी, म्हणजे कल्पना दाखवण्यासाठी घडवलेली नमुना गाडी, शोरूममध्ये येईपर्यंत इतकी बदलते का? या विषयाचे शिक्षण घेतल्यावर आणि स्टुडिओतले काम जवळून अनुभवल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे, की दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. आत बसणारी माणसे, यंत्रसामग्री, कायदा आणि पत्रा यांना लागणाऱ्या मिलिमीटरच्या हिशेबातून गाडीचे रूप घडते आणि त्या हिशेबात आपली एक कल्पना शेवटपर्यंत टिकवून धरणे हे डिझायनरचे खरे कौशल्य असते. पुढे दिलेला क्रम स्टुडिओतल्या कामाचाच आहे. फक्त एकट्या विद्यार्थ्याला घरी काही महिन्यांत पूर्ण करता यावा, अशा बेताने तो मांडला आहे.

सुरुवातीला काय लागेल

- ए-३ आकाराचे साधे कागद, बॉलपेन, काळी व एक-दोन गडद रंगांची पेन्सिल
- राखाडी छटांचे तीन-चार अल्कोहोल मार्कर. सुरुवातीला अनेक रंगांची गरज नसते
- लंबवर्तुळाच्या पट्ट्या आणि फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वक्ररेषा आखण्याच्या पट्ट्या
- तीन-चार वेगवेगळ्या रुंदीच्या काळ्या चिकटपट्ट्या
- ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर, किंवा विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्यावर मिळणारे ऑटोडेस्क एलियस
- थोडी औद्योगिक क्ले, फोमचे ठोकळे आणि धातूच्या पातळ पट्ट्या
- मोजपट्टी आणि जवळपास उभी असलेली, मालकाच्या परवानगीने मोजता येईल अशी एक खरी गाडी

या यादीतली शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच नवखे विद्यार्थी सर्वाधिक दुर्लक्ष करतात.

१. आधी पॅकेज आखा

गाडीत किती माणसे बसणार, ती किती उंचीवर बसणार, इंजिन किंवा बॅटरी कोठे असणार, सामानाला किती जागा हवी आणि चाके कोठे येणार, या सर्वांचा एकत्रित आराखडा म्हणजे पॅकेज. स्टुडिओत पहिली रेषा ओढण्यापूर्वी किंवा निदान तिच्याबरोबरच हा आराखडा समोर ठेवलेला असतो. त्याचा मुख्य बिंदू म्हणजे बसलेल्या चालकाच्या कमरेचा सांधा, ज्याला एच-पॉइंट म्हणतात. हा बिंदू ठरला की डोक्यावरचे छत, समोरच्या काचेचा तिरकेपणा, बॉनेटवरून दिसणारा रस्ता आणि दरवाजाची उंची या सगळ्यांच्या मर्यादा ठरू लागतात.

तुमच्या प्रकल्पासाठी एखादी खरी गाडी निवडा, तिचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांच्या केंद्रांमधले अंतर), लांबी, रुंदी आणि उंची मोजा आणि ही मापे एकास दहा या प्रमाणात बाजूच्या दृश्यात मांडा. त्यात माणसाची बसलेली आकृती काढा. विजेवर चालणारी गाडी निवडली, तर तळाशी बसणाऱ्या बॅटरीसाठी गाडीची फरशी वर उचलावी लागते, हे लक्षात ठेवा. फरशी वर गेली की माणूस वर जातो, माणूस वर गेला की छत वर जाते आणि गाडीची बाजू जाड दिसू लागते. नव्या विद्युत गाड्यांना मोठी चाके आणि दाराच्या खालच्या भागाला काळी पट्टी दिलेली दिसते, त्यामागे हा जाडपणा झाकण्याचा हेतूही असतो.

भारतासाठी गाडी आखताना चार मीटरची मर्यादा विसरू नका. २००६ च्या अर्थसंकल्पात ४,००० मिलिमीटरपर्यंत लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेपर्यंतच्या इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली आणि तेव्हापासून या एका आकड्याने आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांचे रूप घडवले आहे. २००८ मध्ये आलेली टाटा इंडिगो सीएस ही चार मीटरांच्या आत बसवलेली सेदान होती. मारुतीची डिझायर २००८ मध्ये ४,१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ च्या पिढीत ती ३,९९५ मिलिमीटरवर आली आणि कापाकापी झाली ती मुख्यतः डिकीत. या सेदान गाड्यांची मागची बाजू आखूड का दिसते, याचे कारण डिझायनरच्या आवडीनिवडीत शोधून सापडणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे नवे दर आले, तेव्हाही लहान गाडीची लांबीची अट कायम राहिली. पेट्रोल-डिझेलच्या अशा गाडीला १८ टक्के आणि त्यापलीकडच्या गाडीला ४० टक्के कर लागतो. एवढ्या फरकापुढे डिकीची सुंदर रेषा टिकत नाही, म्हणून लांबी पहिल्याच दिवशी ठरवा.

२. प्रमाण तपासा, दिवे आणि जाळी नंतर

गाडी पन्नास पावलांवरून देखणी दिसते की नाही, हे तिच्या प्रमाणांवरून ठरते. चाकांचा आकार, दोन चाकांमधले अंतर, चाकांच्या पुढे-मागे येणारा भाग म्हणजे ओव्हरहँग, आणि काचांच्या उंचीशी खालच्या पत्र्याच्या उंचीचे नाते, या चार गोष्टी आधी पाहाव्यात.

एक सोपा हिशेब करून पाहा. टायरवर '१९५/५५ आर १६' असे लिहिलेले असते. यातला १९५ हा आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के आहे, आणि १६ हा रिमचा व्यास इंचांत आहे. म्हणजे चाकाचा पूर्ण व्यास साधारण ६२१ मिलिमीटर होतो. हेच टायर वापरणाऱ्या टाटा अल्ट्रोझचा व्हीलबेस २,५०१ मिलिमीटर आहे. त्यातून एका चाकाचा व्यास वजा केला की पुढच्या व मागच्या चाकांमध्ये जवळपास बरोबर तीन चाके मावतील एवढी जागा उरते. अनेक गाड्यांत हे प्रमाण तीनच्या आसपास सापडेल. २००८ मध्ये दाखवलेल्या टाटा नॅनोत १२ इंची रिम आणि २,२३० मिलिमीटरचा व्हीलबेस होता, त्यामुळे मध्ये साधारण साडेतीन चाकांची जागा राहिली आणि उंच छताखाली चाके लहान दिसली. हा खर्चाचा आणि आतल्या जागेचा जाणीवपूर्वक केलेला निर्णय होता, आणि आत बसल्यावर मिळणारी जागा पाहिली की तो पटतो.

सावध राहण्याची बाब अशी, की बहुतेक नवखे विद्यार्थी चाके वास्तवापेक्षा कितीतरी मोठी आणि छत फार खाली काढतात. प्राथमिक रेखाटनात थोडी अतिशयोक्ती चालते, कारण तिने कल्पना ठळक होते. मात्र त्याच रेखाटनावर पुढची मापे आधारली, तर आतल्या माणसाचे डोके छताबाहेर जाते.

३. एक कल्पना निवडा आणि भरपूर रेखाटने काढा

या टप्प्यावर स्वतःला एकच वाक्य लिहून द्या: या गाडीत मी शेवटपर्यंत काय वाचवणार आहे? ते छताच्या कमानीसारखे काही असेल, खिडकीच्या आकाराचे असेल किंवा पुढच्या दिव्यांच्या मांडणीचे असेल. १९६१ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू १५०० मध्ये मागच्या खिडकीच्या पायथ्याशी रेषेला पुढच्या दिशेने एक वळण दिले गेले. विल्हेल्म हॉफमाइस्टर तेव्हा त्या कंपनीच्या डिझाइनचे प्रमुख होते आणि ते वळण आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. एक छोटीशी कल्पना साठहून अधिक वर्षे टिकू शकते, कारण ती नेमकी होती.

रेखाटताना चाकांची लंबवर्तुळे बरोबर आली पाहिजेत. लंबवर्तुळाचा लहान अक्ष नेहमी चाकाच्या ॲक्सलच्या दिशेत असतो, हा एक नियम पाळला तरी चित्रातली निम्मी अस्थिरता नाहीशी होते. बाजूचे दृश्य, पुढचा पाऊण कोन (पुढचा भाग आणि एक बाजू एकत्र दिसेल असा) आणि तसाच मागचा पाऊण कोन अशी तीन दृश्ये प्रत्येक कल्पनेसाठी काढा. मागच्या बाजूचा कंटाळा करू नका. रहदारीत गाडीची पाठच लोकांना सर्वाधिक वेळ दिसते. रेखाटनांच्या ढिगातून दोन-तीन निवडा आणि त्यांची पॅकेजशी पुन्हा गाठ घालून द्या. स्टुडिओत ज्या एका चित्राभोवती पुढचे सर्व काम फिरते त्याला की-स्केच म्हणतात, आणि ते निवडताना चित्राच्या झगमगाटाला भुलायचे नसते.

४. टेप ड्रॉइंग

निवडलेले बाजूचे दृश्य भिंतीवरच्या मोठ्या कागदावर काळ्या चिकटपट्टीने आखा. पट्टी ताणून लावली की वक्ररेषा आपोआप सलग येते, आणि आवडली नाही तर ती उचलून दुसरीकडे लावता येते. मोठ्या आकारात रेषेचा थकलेपणा लगेच दिसतो, म्हणून संगणकाच्या काळातही ही पद्धत शिकण्यासारखी आहे. घरी पूर्ण आकाराची भिंत नसेल, तर एकास चार हे प्रमाण पुरेसे आहे.

५. पृष्ठभाग घडवा: क्ले आणि संगणक

जनरल मोटर्समध्ये १९२७ साली सुरू झालेल्या 'आर्ट अँड कलर' विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांनी क्लेच्या प्रतिकृतींची पद्धत मोटार उद्योगात रुजवली आणि ती अद्याप टिकून आहे. ही क्ले आपल्या शाडूसारखी पाण्याने मऊ होत नाही. तिच्यात मेण असते. ओव्हनमध्ये साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवली की ती लोण्यासारखी पसरते आणि थंड झाली की खरवडून आकार देण्याइतकी घट्ट होते. आत फोमचा सांगाडा असतो आणि त्यावर काही सेंटिमीटर जाडीचा थर दिला जातो. आज पहिला आकार अनेकदा संगणकातल्या मॉडेलवरून सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांनी चालणारे, यंत्र कापते, मग मॉडेलर हाताने त्यावर काम करतात, बदललेला पृष्ठभाग पुन्हा स्कॅन होऊन संगणकात जातो, आणि ही ये-जा कित्येक वेळा होते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे प्रकाशाकडे पाहिल्यावर कळते. गाडीचा रंग चकचकीत असल्यामुळे तिच्या अंगावर आकाश, जमीन आणि समोरच्या इमारती उमटतात, आणि पाहणाऱ्याला आकार कळतो तो या प्रतिबिंबांमधून. दाराचा पत्रा अगदी सपाट केला, तर तो आत दबल्यासारखा भासतो; म्हणून सरळ वाटणाऱ्या पृष्ठभागालाही किंचित फुगवटा द्यावा लागतो. क्लेवर रंगासारखी चमकणारी लवचिक फिल्म ताणून बसवतात आणि दिव्यांच्या नळ्यांखाली प्रतिबिंबाची रेषा कोठे अडखळते ते तपासतात.

संगणकावर हेच काम झेब्रा पट्ट्यांनी, म्हणजे मॉडेलवर उमटवलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या प्रतिबिंबांनी होते. दोन पृष्ठभाग नुसते एकमेकांना टेकले तर त्याला जी-० म्हणतात, जोडावर दिशा जुळली तर जी-१, आणि वक्रताही जुळली तर जी-२. जी-१ जोडावर पट्ट्या सलग असल्या तरी तेथे त्यांना कोपरा येतो, जी-२ वर त्या मऊपणे वळतात. उत्पादनासाठी जो अंतिम, निर्दोष बाह्य पृष्ठभाग तयार करतात त्याला क्लास-ए म्हणतात, आणि ते काम करणारे सरफेसर हे स्वतंत्र, अतिशय आदराचे कारागीर असतात. तुमच्या पहिल्या प्रकल्पात क्लास-एचा हट्ट धरू नका, पण बॉनेट, दार आणि मडगार्ड यांच्यावरून जाणारी मुख्य प्रकाशरेषा तरी न अडखळता पुढून मागेपर्यंत गेली पाहिजे.

येथे सर्वांना पडणारा मोह म्हणजे रेषांची गर्दी. आकार फसतो आहे असे वाटले की त्यावर आणखी एक घडी घातली जाते. त्याऐवजी असलेल्या रेषांपैकी एक काढून पाहा. बहुतेक वेळा गाडी लगेच मोठी आणि शांत दिसू लागते.

६. कॉन्सेप्ट कशासाठी आहे ते आधी ठरवा

१९३८ ची ब्यूइक वाय-जॉब ही सहसा पहिली कॉन्सेप्ट गाडी मानली जाते. लोकांची प्रतिक्रिया अजमावण्यासाठी अर्ल यांच्या विभागाने ती घडवली होती. त्यानंतर कॉन्सेप्ट गाड्यांचे दोन स्पष्ट प्रकार झाले. काही गाड्या केवळ दूरची दिशा दाखवतात. १९७० ची, मार्चेल्लो गांदिनी यांनी बेर्तोने या इटालियन डिझाइन कंपनीसाठी घडवलेली, जेमतेम कमरेएवढ्या उंचीची लांचिया स्ट्रॅटोस झीरो ही त्यांतली. दुसऱ्या प्रकारच्या गाड्या लवकरच येणाऱ्या गाडीची ओळख करून देतात.

या दुसऱ्या प्रकाराविषयी मोठा गैरसमज आहे. टाटांनी एच-५-एक्स ही कॉन्सेप्ट फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत दाखवली आणि तिच्यावरून आलेली हॅरियर जानेवारी २०१९ मध्ये बाजारात आली. पत्र्याचे साचे तयार होऊन त्यांच्या चाचण्या पार पडायला एवढा काळ पुरत नाही. म्हणजे कॉन्सेप्ट लोकांसमोर आली, तेव्हा उत्पादनाच्या गाडीचा आकार बहुतांशी ठरलेला होता. अशा वेळी कॉन्सेप्ट ही ठरलेल्या गाडीचीच अधिक रुंद, अधिक मोठ्या चाकांची, बारीक दिव्यांची सजलेली आवृत्ती असते. प्रदर्शनानंतर 'कंपनीने कॉन्सेप्टची वाट लावली' असे लोक म्हणतात, तेव्हा क्रम उलटा असण्याचा संभव ते लक्षात घेत नाहीत.

तुमच्या प्रकल्पात कोणता प्रकार आहे ते पहिल्या पानावर लिहा. नवख्याने दुसरा प्रकार निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण शिकण्यासारखे सर्वाधिक पुढच्या टप्प्यात आहे.

७. कॉन्सेप्टची उत्पादनाची गाडी करा

तुमच्या कॉन्सेप्टचे बाजूचे दृश्य समोर ठेवा आणि त्यावर पारदर्शक कागद ठेवून एकेक अडचण सोडवत नवी रेषा आखा.

*दरवाजे आणि काचा.* खाली सरकणारी काच दाराच्या आत मावली पाहिजे. मागच्या दाराला चाकाच्या कमानीने कापलेले असते, त्यामुळे पूर्ण खिडकीएवढी काच खाली जाऊ शकत नाही. म्हणून तेथे एक उभी पट्टी आणि तिच्यामागे न उघडणारी छोटी काच येते. रस्त्यावरच्या गाड्यांत ही पट्टी शोधा, म्हणजे हा प्रश्न प्रत्येकाने कसा सोडवला ते दिसेल. १९९१ मध्ये आलेल्या, पुण्यात बनलेल्या टाटा सिएराची ओळख म्हणजे मागच्या बाजूची, छताकडे वळलेली मोठी काच. त्या गाडीला बाजूंना मिळून दोनच दारे होती, मागची दारे नव्हती, म्हणून ते शक्य झाले. २०२० मध्ये सिएराची नवी कॉन्सेप्ट आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये उत्पादनाची गाडी आली. तिला मागचे स्वतंत्र दरवाजे असल्याने खांब अटळ होते, तेव्हा ते काळे ठेवून सलग काचेचा आभास टिकवण्यात आला. एक कल्पना वाचवणे म्हणजे काय, याचे हे आपल्याजवळचे उत्तम उदाहरण आहे.

*पत्रा.* दार, बॉनेट आणि मडगार्ड हे प्रेसखाली साच्यात दाबून बनतात. फार खोल घडी घातली की पत्रा फाटतो किंवा सुरकुततो, फार तीक्ष्ण धार साच्यातून नीट उमटत नाही, आणि साच्यातून सुटून येण्यासाठी भिंतींना उतार लागतो. कॉन्सेप्टमधल्या प्रत्येक धारेला गोलाई द्या. भाग जेथे मिळतात तेथे तीन-चार मिलिमीटरची फट धरा आणि ती फट गाडीच्या मुख्य रेषांशी सुसंगत ठेवा.

*पादचारी आणि टक्कर.* पादचाऱ्याचे डोके बॉनेटवर आदळले, तर खालच्या कठीण इंजिनापर्यंत पोहोचण्यापूर्वी पत्र्याला दबायला जागा हवी. भारतात याविषयी एआयएस-१०० हे मानक आहे. बॉनेट उंच आणि नाक बोथट होण्यामागे हे एक मोठे कारण असते.

*नंबर प्लेट, आरसे, दिवे.* कॉन्सेप्टवर नंबर प्लेट नसते. खऱ्या गाडीत ५०० बाय १२० मिलिमीटरची सपाट जागा पुढे आणि मागे लागते. ती शेवटी चिकटवली की पुढचा सगळा चेहरा बिघडतो. मागचे दिवे डिकीच्या दारामुळे दोन तुकड्यांत विभागतात, तेव्हा ती फट कोठे पडेल ते ठरवा. एच-५-एक्सचे वर बारीक दिवसाचे दिवे आणि खाली बंपरमध्ये मुख्य दिवे ही मांडणी हॅरियरमध्ये टिकली, तर चाके मात्र सुरुवातीला १७ इंची आली.

*हवा.* १९९५ मध्ये फ्रँकफर्टला दाखवलेली ऑडी टीटी १९९८ मध्ये जवळजवळ तशीच उत्पादनात आली आणि त्यासाठी तिचे कौतुक झाले. मागच्या बाजूला एक छोटी खिडकी वाढली इतकेच. पण मोठ्या वेगात मागचा भाग हलका होऊन अपघात घडले, तेव्हा गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर (मागचा भाग हलका होऊ न देणारी पट्टी) आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली बसवावी लागली. उलट शेव्हरोलेच्या व्होल्टची २००७ ची टोकदार कॉन्सेप्ट २०१० च्या अखेरीस विक्रीला आली, तेव्हा पवनबोगद्यातल्या कामाने तिचे नाक गोलसर झाले होते, कारण विजेवर मिळणारे अंतर हवेच्या विरोधावर अवलंबून होते.

हे सर्व झाल्यावर तिसऱ्या टप्प्यात लिहिलेले ते वाक्य पुन्हा वाचा. कल्पना ओळखू येत असेल, तर तडजोडी योग्य ठिकाणी झाल्या आहेत. येत नसेल, तर चुकीच्या जागी मिलिमीटर सोडले गेले. पॅकेजकडे परत जा.

८. रंग, कापड आणि आतले पृष्ठभाग

हे काम करणारा स्वतंत्र गट असतो आणि तो बाह्य डिझाइनच्या बरोबरीने काम करतो. पहिल्या प्रकल्पात दोन बाह्य रंग आणि एक आतली रंगसंगती दाखवली तरी पुरते. मात्र निवडलेले कापड व प्लास्टिक यांचे खरे नमुने कागदावर चिकटवा.

९. पोर्टफोलिओ आणि प्रवेश

पदव्युत्तर शिक्षणासाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये मोबिलिटी अँड व्हेइकल डिझाइन हा अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी सीड ही परीक्षा द्यावी लागते. तिचा दुसरा भाग हाताने चित्रे काढण्याचा असतो. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत हा विषय गांधीनगरच्या परिसरात शिकवतात आणि प्रवेश डॅट या परीक्षेतून होतो. पदवीपासून सुरुवात करायची असेल, तर पुण्याजवळ लोणी काळभोर येथील एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्येही ट्रान्सपोर्टेशन डिझाइन शिकता येते. अर्हता, वयोमर्यादा आणि तारखा दरवर्षी अधिकृत पत्रकातूनच तपासा.

अर्जासाठी गुणपत्रिका, ओळखपत्र, छायाचित्रे आणि लागू असल्यास जात वैधता व नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा, कारण ही प्रमाणपत्रे मिळायला वेळ लागतो. पोर्टफोलिओत चकचकीत अंतिम चित्रांची पाने कमी आणि मधल्या कामाची पाने अधिक ठेवा: पॅकेजचा आराखडा, टाकून दिलेल्या रेखाटनांचे एक पान, क्लेची छायाचित्रे, आणि कॉन्सेप्ट व उत्पादनाची गाडी एकाच प्रमाणात शेजारी-शेजारी. मुलाखतीत परीक्षक बहुधा या शेवटच्या पानावर थांबतात आणि एखाद्या रेषेवर बोट ठेवून ती का सरकली असे विचारतात; त्या पानावरच्या प्रत्येक बदलासमोर त्याचे कारण पेन्सिलीने लिहून ठेवा.